शेनाचे गोळे आन् शिशाच्या टकरी

पाटोद्याच्या वरल्या अंगाला, डोंगराला टेकून जी वस्ती हाय, तिथल्या भिमाबाईच्या लेकीच्या नावाम्होरं आता डॉक्टर लागतंय. पन ती सुई टोचनारी डॉक्टर न्हाई. सुट्टीला आली की बाया अजून तिला गुडघा दाखवित्यात, लेकराचा घसा दाखवित्यात. छबू बिचारी म्हनती, मावशे, मला त्यातलं काय कळत न्हाई, मी शिशाच्या टकरी बघत असते. मंग बाया एकमेकीकडं बघत्यात. एडक्याच्या टकरी ठाव्या, रेड्याच्या ठाव्या. शिशाच्या टकरी लावनारं मानूस कोन असंल, आन् त्या बघायला पगार कोन देत असंल, ह्येचा इचार करत करत घरला जात्यात.

तर ही गोष्ट त्या टकरींची हाय, आन् छबूच्या हाताची बी हाय. लहानपनी एका हंगामात तिच्या मायनं तिच्या हातावरचा भरोसा काढून घेतला. तो परत मिळवायला छबूला पार कलकत्त्यापस्तोर जावं लागलं.

भिमाबाई आन् तिचा नवरा कारभारी, ह्ये दोघं मिळून एक कोयता. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हनत्यात. राबायला दोन, मोजायला एक. दसरा झाला की धुळाजी मुकादमाच्या टोळीसंगं बैलगाड्या जुपायच्या, खाली कारखान्याच्या मुलखात उतरायचं, फडाच्या कडंला उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या कोप्या घालून ऱ्हायचं, आन् उन्हं तापली की घरला यायचं. छबू संगंच. नाव गावच्या शाळंत, लेकरू उसात.

आता फड म्हनला की सगळा ऊस काय सारखा नसतो. पाटाच्या कडंचा ऊस सरळ, कोयता मारला की आडवा. आन् वाऱ्यानं लोळलेला ऊस म्हंजे जिवाला घोर. एकात एक गुतलेला, खाली पाचट, पाचटात काय बसलंय त्येचा पत्ता न्हाई. एक मोळी बांधायला दोन मोळ्यांचा जीव जातो. म्हनून टोळीत वाटनीची रीत व्हती. फडाचे पट्टे पाडायचे. मंग ज्येनं त्येनं आपली निशानी द्यायची. कोन खडा द्यायचं, कोन बटन, कोन तंबाखूच्या डबीचं झाकन. भिमाबाई चिंचोका द्यायची. समद्या निशान्या एका टोपीत टाकायच्या, एका लेकराचे डोळे बांधायचे, त्या लेकरानं पट्ट्या-पट्ट्याच्या तोंडाला जाऊन टोपीतली एकेक निशानी काढून ठिवायची. ज्येची निशानी त्येचा पट्टा. मुकादमानं वाटनी केली तर भांडनं व्हायची, लेकरानं केली तर कोनी तोंड उघडायचं न्हाई.

ते लेकरू म्हंजे छबू. लई शानं, शांत लेकरू, म्हनून तिलाच उभी करायचे.

पन झालं असं, की छबूचा हात टोपीत गेला की भिमाबाईचा चिंचोका सरळ उसावर पडायला लागला. एकदा पडला, पुन्हा पडला. टोळीत सिंधुबाई म्हनून एक व्हती, अंगावर पितं लेकरू, आन् तिच्या वाट्याला दर बारीला लोळलेला ऊस. तिचा नवरा जालिंदर तोंडाचा तिखट. एक दिवस मोळी आवळता आवळता म्हनला, "भिमावहिनी, तुमचा चिंचोका लई शिकलेला दिसतोय. बरोबर वाट काढीत जातो."

मानसं हसली. भिमाबाई हसली न्हाई.

पुढच्या फडाला निशान्या द्यायच्या वक्ताला तिनं सिंधुबाईला बाजूला घेतलं. आपला चिंचोका तिच्या मुठीत दिला, तिचं फुटकं बटन आपन घेतलं, आन् कोनाला बोलू नको म्हनली. छबूला ह्यातलं काय ठाव न्हाई. तिचे डोळे बांधले, ती टोपी घेऊन चालत गेली, एकेक निशानी ठिवत गेली. चिंचोका पडला पाटाच्या कडंला, सरळ उसावर. बटन पडलं लोळलेल्यावर.

भिमाबाईनं ते बघितलं आन् तिथंच, समद्या टोळीदेखत, काय केलं ते सांगून टाकलं. हितं लपवायचं काय न्हाई, म्हनली, माझ्या लेकीचा हात माझा चिंचोका वळखतो.

छबूला रडू फुटलं. "माय, मी मुद्दाम न्हाई केलं."

आन् ते खरंच व्हतं. पाटाकडंची माती अनवानी पायाला गार लागायची, आन् बोटाला चिंचोका गुळगुळीत लागायचा. पाय गार झाला की बोटं आपोआप गुळगुळीतावर जायाची. छबूच्या मनात कपट न्हवतं.

भिमाबाई तिच्याम्होरं बसली आन् शांतपनानं म्हनली, "मुद्दाम केलं असतंस तर एक मुस्काटात मारून मिटलं असतं. तुझा हातच माझ्याकडचा झालाय. आता तो वाटनीला चालायचा न्हाई."

त्या दिवसापासून टोळीत नवी रीत पडली, ती भिमाबाईनं पाडली. निशानी उघडी द्यायची न्हाई. शेनाच्या गोळ्यात घालायची, गोळा राखंत घोळवायचा, सगळे गोळे बाहेरून एकासारखे एक. पट्ट्याच्या तोंडाला ठिवून झाले की मगच फोडायचे. आन् छबूला गोळ्यांच्या टोपल्याला हात लावायची बंदी.

सरळ ऊस सिंधुबाईला गेला आन् लोळलेला भिमाबाईनं घेतला. त्या गुताड्यात दोन दिस झगडता झगडता तिचा कोयता हरवला. मुठीला लाल चिंधी बांधलेला, माहेरून आनलेला कोयता. कुठल्यातरी मोळीत गेला आन् मोळी गाडीत चढली. हत्यार गेलं म्हंजे हातच गेला की. कारभारी छबूला गाडीवर बसवून कारखान्यावर गेला, बघू सापडतो का.

कारखाना सहकारी, कितीतरी गावच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेला. आत गव्हान म्हनत्यात ती लांब पन्हाळी, तिच्यात ऊस पडतो आन् सरकत सरकत दातांकडं जातो. गव्हानीच्या वर एक काळा चपटा धोंडा टांगलेला. त्याला खालून लोखंड चिटकलेलं: साखळीचे तुकडे, बैलाच्या खुराच्या पत्र्या, खिळे. आन् मधी लाल चिंधी. तिथल्या मानसानं सांगितलं की लोखंड दातात गेलं तर मशीन मोडती, म्हनून हा वरच्यावर ओढून घेतो. छबूनं इचारलं की कशानं ओढतो. तो म्हनला, "आत तारांचा वेढा हाय. तारंत वीज पळाली की ओढ येती. थांबली की गेली."

त्यानं बटन दाबलं. धडाधड समदं लोखंड खाली पत्र्यावर पडलं. पुन्हा दाबलं, तर खिळे उड्या मारत वर. छबूचं तोंड उघडं ते उघडंच. कोयता घेऊन कारभारी गाडीवर चढला तरी ती मागं वळून बघत व्हती. वीज नुसती पळती, आन् जिथं काहीच न्हाई तिथं ओढ तयार व्हती. ते तिच्या डोक्यातून उभ्या जिंदगीत गेलं न्हाई.

पुढच्या साली भिमाबाईनं तिला टोळीसंगं नेलं न्हाई. आजीजवळ ठिवली, शाळंत घातली. शाळा झाली तशी अंबाजोगाईला कॉलेजात गेली. तिथं उत्तरेश्वर सर म्हनून एक मास्तर व्हते, त्येंनी तिची ती विजेची न् ओढीची खोड वळखली आन् म्हनले, पोरी, ह्येच शिक. ती शिकत गेली, शिकत गेली, आन् कलकत्त्याकडच्या एका मोठ्या संस्थेत शिशाच्या टकरींच्या कामाला लागली.

आता ह्या टकरी काय असत्यात ते छबूनं कारभारीला एकदा समजावलं, तसंच सांगते, नीट ऐका.

शिसं घ्या. त्येचा बारक्यात बारका कन घ्या. त्या कनाच्या पोटात गाभा, आन् गाभ्यात विजेचे दाने ठासून भरलेले. परदेशात जमिनीखाली कोसच्या कोस गोल बोगदा हाय. त्यात एका अंगानं असले गाभे सोडत्यात, दुसऱ्या अंगानं तसलेच, आन् उजेडाच्या पळन्याला हात लावायला आला एवढा वेग आला की एकमेकावर घालत्यात. कवा टक्कर समोरासमोर बसती, कवा नुसती घासून जाती.

कारभारी म्हनला, "अरुंद पुलावर दोन उसाच्या गाड्या घासून गेल्यावानी."

"तसंच, आबा. जेवढं घासलं तेवढ्याचा भुगा. उरलेला माल तसाच पुढं पळतो, एक इकडून तिकडं, एक तिकडून इकडं. पन तो माल विजेचा हाय. कारखान्यातल्या त्या धोंड्यात वीज तारंतून पळायची. हितं तार न्हाई, वीजच मोकळी पळती, आन् मधल्या फटीत ओढ तयार व्हती. एवढी ओढ ठाव्या दुनियेत कुठंच न्हाई. मेलेल्या ताऱ्यांत असती ती बी हिच्यापुढं कमी."

"मंग समद्या टोळ्यांचे कोयते तिकडं जायाला पायजे व्हते."

छबू हसली. म्हनली की गेले असते, पन ती ओढ टिकत न्हाई. पापनी लवायला जो येळ लागतो त्येचे कोटी वाटे करा, एका वाट्याचे पुन्हा कोटी, आन् त्यातल्या एकाचे आनखी कोटी. त्यातला एखादा वाटा, बस. आली म्हनंस्तोर गेली.

मंग बघितली कोनी, असं कारभारीनं इचारलं, आन् छबू म्हनली की तेच तर माझं काम हाय. ती सोताला दिसत न्हाई, तिचा माग बघायचा. टकरीच्या भुग्यातून जे कन उधळत्यात, त्यात काही अधिक विजेचे, काही उन्या विजेचे. ती ओढ खरंच आली असंल तर अधिक विजेचे जरासे एका अंगाला ढळतेल, उन्या विजेचे दुसऱ्या अंगाला. आन् जितकी टक्कर घासती तितकी ढळ जास्ती. पन ढळ किती, तर पोतंभर जवारीत दोन-चार दाने. ते दाने काढायला चाळनी लागती. कोनता कन ठिवायचा, कोनता टाकायचा, ती चाळनी छबूनं सोता बनवली. अशी कैक महिने चाळत बसली, आन् एक दिवस तिला तो माग दिसला. अधिक इकडं, उनं तिकडं.

लई हरखली. तिच्याकडून हे काम करून घेनाऱ्या मॅडमला दाखवलं. बंगाली बाई, कडक, पन मनाची चांगली. त्या कामात राधाकिशन म्हनून एकजन छबूच्या आधीपासून व्हता. त्यानं समदं बघितलं आन् बैठकीत म्हनला, "चाळनी तूच बनवतीस, चाळून काय निघायला पायजे तेबी तुलाच ठाव हाय. मंग ते निघनारच. तू खोटं करतीस असं मी म्हनत न्हाई. ज्येला जे पायजे त्येला ते दिसतं."

मॅडमनं त्येचंच खरं धरलं. म्हनल्या, समद्या गटाचं नाव ह्याच्यावर लागनार हाय, शंका असंल तर हे छापायला भाईर जायचं न्हाई. आन् भाईर गेलं न्हाई म्हंजे छबूचं काय? चार-पाच वरसांचं काम पान्यात. तिची मुदत सरत आलती. हे उभं राहिलं न्हाई तर डॉक्टरकी न्हाई, आन् बोचकं बांधून घरला.

 तिला आपला हात खरा वाटत व्हता. पन हात खरा वाटतो म्हंजे काय, ते तिच्याइतकं त्या खोलीत कोनाला ठाव व्हतं? 

तेवढ्यात गावाकडून खबर गेली की हितं पाऊस फिरकला न्हाई. तो बारा-तेराचा दुष्काळ. हिरींचे तळ दिसले, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, टँकर आला की घागरींची धाड. गुरं कोनाच्याच दारात जगवायची सोय न्हाई म्हनून गावच्या सोसायटीनं माळावर छावनी काढली. चेअरमन भगवानराव, पांढरा सदरा, मान डुलवत फिरायचे. छावनीत चारा काय, तर ऊस. ज्या मुलखात जाऊन आमच्या मानसांनी जनमभर ऊस तोडला, तोच ऊस ट्रकात बसून गुरांसाठी आमच्याकडं आलता. कारभारी म्हनायचा, आयुष्यभर आमी ह्येच्या दारात गेलो, आता ह्यो आमच्या दारात आला.

पन त्यातबी काही मोळ्या हिरव्या, वाढ्यासकट म्हंजे शेंड्याच्या पाल्यासकट, आन् काही वाळून लाकूड झालेल्या. पयल्या आठवड्यात हिरव्या मोळ्या चेअरमनच्या भावकीच्या दावनीला निघाल्या. बाया उठल्या. सोसायटीच्या वट्यावर जाऊन बसल्या आन् म्हनल्या, वाटनी भिमाबाई करनार, गोळ्यांनी. भगवानरावांनी मान डुलवायची थांबवली, आन् मंग हो म्हनले. छावनीत पानी न्हवतं पन शेन बक्कळ व्हतं.

छबू सुट्टी काढून घरी आली ती सरळ छावनीत गेली. सकाळचा वक्त. मोळ्यांचे ढीग लागलेले, भिमाबाई कंबर खोचून बसलेली, पदरातल्या निशान्या एकेक करून शेनात गुंडाळती, राखंत घोळवती, टोपल्यात टाकती. मायचं वय झालेलं, पाठ वाकलेली. छबू पुढं झाली आन् टोपलं उचलायला वाकली.

भिमाबाईनं टोपलं आपल्याकडं ओढलं. "तुझा हात न्हाई."

सिंधुबाई तिथंच आपल्या म्हशीजवळ बसलती. ती म्हनली, "आता तरी सोड की गं भिमे. पोरगी कलकत्त्याला जाऊन आली."

"गेली असंल. हात तर तोच हाय."

बाया हसल्या, छबूबी वरवर हसली. पन आत कुठंतरी चटका बसला. ती बाजूला जाऊन दगडावर बसली आन् मायकडं बघत राहिली. माय गोळे वळती, घोळवती, ठिवती. कोनता गोळा कोनाचा, मायला सोतालाच आता सांगता आलं नसतं. आन् बघता बघता छबूच्या डोक्यात लखकन पडलं की राधाकिशन जे बोलला ते नवीन काय बोललाच न्हाई. तेच तिच्या मायनं उसाच्या फडात सांगितलं व्हतं. आन् मायनं नुसतं सांगून सोडून दिलं न्हवतं, त्येच्यावर इलाज बी केला व्हता.

सुट्टी तशीच टाकून ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसली. कारभारीला वाटलं पोरगी रुसली. भिमाबाई म्हनली, रुसली न्हाई, काहीतरी सापडलंय, तिचं तोंड बघा की.

कलकत्त्याला जाऊन तिनं मॅडमम्होरं बोलनं काढलं. म्हनली, टकरींच्या नोंदींचा माझा सगळा माल बांधून टाका. त्येचे गठ्ठे करा. काही गठ्ठे जसेच्या तसे ठिवा. काहींत अधिकाला उनं म्हना आन् उन्याला अधिक, म्हंजे माग उलटा निघाला पायजे. आन् काहींत अधिक-उनं असं कालवा की माग राहूच नये. कोनत्यात काय केलं ते मला सांगू नका. मी माझी चाळनी आज हाय तशी कायम करते, तिला पुन्हा हात लावनार न्हाई. सगळे गठ्ठे त्याच चाळनीनं चाळते आन् सांगते, ह्यो सुलटा, ह्यो उलटा, ह्यो रिकामा. मंग गठ्ठे फोडा.

मॅडम म्हनल्या की असं झाकून काम करायची रीत मोठ्या ठिकानी हाय, औषधं तपासतानी बी करत्यात, पन एकदा फोडलं की पुन्हा बांधता येत न्हाई. रिकाम्या गठ्ठ्यात तुला माग दिसला, तर तुझं काम तिथंच संपलं, आन् समद्यांदेखत संपलं. कळतंय ना?

छबूला कळत व्हतं. ती म्हनली, "गठ्ठे राधाकिशननं बांधावेत."

मॅडमनं चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. राधाकिशन बी चपापला. जो भरोसा ठिवत न्हाई त्येच्याच हातात टोपलं देनारं मानूस त्यानं पयल्यांदा बघितलं असंल.

मंग चालू झालं चाळनं. कापनी-मळनी झाली, पुन्हा पेरनीचे दिस आले, तरी छबूचं चाळनंच चालू. गठ्ठ्यामागं गठ्ठा निघाला. कुठं माग सुलटा, कुठं उलटा, कुठं काहीच न्हाई. पन एक गठ्ठा असा निघाला की जीव घेतला त्यानं. त्यात माग हाय म्हनावं तर हाय, न्हाई म्हनावं तर न्हाई. धूसर, सुलट्याकडं कललेला. चाळनीचं एक भोक जरासं, अगदी केसभर मोठं केलं असतं तर साफ सुलटा दिसला असता. कोनाला कळलंबी नसतं. आन् छबूला आतून वाटत व्हतं की ह्यो सुलटाच हाय. पायाखाली गार माती लागल्यावानी वाटत व्हतं.

तिनं हात मागं घेतला. चाळनीनं जेवढं दाखवलं तेवढं माग म्हनायला पुरं पडत न्हवतं. तिनं त्या गठ्ठ्याम्होरं लिहिलं, रिकामा.

फोडायच्या दिवशी समदा गट खोलीत जमला. चहा आला, कोनी पिला न्हाई. छबूनं एकेक गठ्ठ्याचं नाव घेऊन सांगायचं, आन् राधाकिशननं आपल्याकडचं बघून बोलायचं. पयला, छबू म्हनली सुलटा. राधाकिशन म्हनला, सुलटा. दुसरा उलटा. उलटा. तिसरा सुलटा. सुलटा. असं करत करत गाडी पुढं चालली, आन् राधाकिशनचा आवाज बारीक बारीक व्हत गेला. मंग तो धूसर गठ्ठा आला. छबूनं आपल्या कागदावर बोट ठिवलं. तिला वाटत व्हतं की आता आपलं चुकनार, ह्यो सुलटा निघनार, आन् हातानं घालवलं म्हनून जनमभर रडावं लागनार. पन लिहिलेलं लिहिलं व्हतं.

"रिकामा," ती म्हनली.

राधाकिशननं बघितलं. पुन्हा बघितलं. "रिकामा."

मॅडमनं तिथंच टेबलावर थाप मारली. राहिलेले गठ्ठे फोडले, तेबी समदे बरोबर. एकबी चुकला न्हाई. आन् घासत्या टकरीत ढळ जास्ती, समोरच्यात कमी, तेबी जसं पायजे तसंच. पापनीच्या कोटी-कोटी वाट्यातली ती ओढ, येऊन गेल्याली, कोनाला न दिसलेली, तिचं पाऊल छबूच्या चाळनीत उमटलेलं व्हतं, आन् आता त्येच्यावर कोनी बोट ठिवायला जागा राहिली न्हवती.

राधाकिशन उठला, आपला गार झालेला चहा एका घोटात पिला आन् म्हनला, "आता माझ्याकडं भांडायला काय उरलं न्हाई. दुसरं काहीतरी काम द्या मला." खोली हसून हसून लोटपोट.

छबूनं फोन लावला तो कारभारीच्या मोबाइलावर. भिमाबाईनं समदं ऐकून घेतलं, आन् दोनच गोष्टी इचारल्या. गोळे कोनी बांधले? ज्येचा माझ्यावर भरोसा न्हवता त्यानं. फोडले कोनी? त्यानंच. भिमाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मंग म्हनली, "घरी ये."

पन छबूला लगीच येता आलं न्हाई. ते काम छापून आलं, परदेशात नेऊन चार मुलखांच्या मानसांम्होरं सांगावं लागलं, आन् मंग डॉक्टरकी मिळाली. येस्तोवर हिकडं पुन्हा पाऊस रुसला, पुन्हा छावनी पडली त्याच माळावर. ती आली त्या सकाळी भगवानराव शाल-नारळ घेऊन आलते, सोसायटीतर्फे सत्कार म्हनून, फोटोवाला संगं. मान पुन्हा डुलत व्हती. भिमाबाई म्हनली, "सत्कार दुपारी करा. गुरं सकाळपासून उपाशी हायेत." भगवानराव शाल काखंत मारून गपगुमान खाटंवर बसले.

मोळ्यांचे ढीग लागले. भिमाबाईनं गोळे वळले, राखंत घोळवले. मंग टोपलं उचललं, आन् दोन्ही हातांनी छबूम्होरं धरलं.

"आज तू ठिव."

छबूनं टोपलं घेतलं. तिनं आधी एक गोळा उचलून फिरवून बघितला, नीट मिटलाय का, कुठं निशानी डोकावती का. भिमाबाई ते बघत व्हती, आन् तिच्या तोंडावर जे आलं ते सिंधुबाईनं पुढं कैक दिवस सगळ्यांना सांगितलं. छबू ढिगा-ढिगाम्होरं गेली आन् एकेक गोळा ठिवत गेली. जालिंदर, आता म्हातारा झालेला, दुरून म्हनला, "बघा बरं, चिंचोका वळखंल."

गोळे फोडायला सुरवात झाली. सिंधुबाईचं बटन निघालं पार हिरव्यागार, वाढ्याच्या मोळ्यांवर. तिची म्हैस तिथूनच वरडली. एकेक फुटत गेला. शेवटाला एक वाळलेला ढीग राहिला, ऊस न्हाई, नुसतं सरपन. त्याम्होरचा गोळा भिमाबाईनं सोता फोडला. आत चिंचोका.

 मंग भिमाबाईच हसायला लागली. अशी हसली की पदर तोंडाला लावला तरी आवरंना. मंग सिंधुबाई हसली, जालिंदर हसला, छावनी हसली. भिमाबाईनं ती वाळकी मोळी उचलली, डोक्यावर ठिवली, आन् मान ताठ करून समद्या दावन्यांच्या मधून आपल्या गायीकडं चालली. वाटंत जे भेटंल त्येला सांगत व्हती, "बघा, माझ्या लेकीनं दिलेला वाटा हाय."